सुताचे एकोणतीस तुकडे

मंगळवार पेठेत नृसिंह वाळवेकरांच्या दारावर पाटी नव्हती. साखर कारखान्याच्या वीजघरातून आलेल्या भाऊसो कुरणेने कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारलं, तेव्हा तो चाक फिरवता फिरवताच म्हणाला, "मशिनींचं फौजदार व्हय? त्यो हिरवा दरवाजा. चहा झाला नसंल तर चिडत्यात, जरा दमानं घ्या पावणं."

चहा झालेला होता. पन्नाशी ओलांडलेले, सुकलेल्या अंगाचे वाळवेकर ओसरीवर उभ्यानेच कारखान्याचं पत्र वाचू लागले. सकाळचे सात वाजले होते. बाहेर कारखान्याची जीप घरघरत होती. पत्राला जोडलेल्या शेवटच्या कागदापाशी ते थांबले.

"हा जबाब तुमचा?"

"होय."

"विषय फिजिक्स?"

"बी.एस्सी. कसं ओळखलंत?"

"वेळ मिनिटापर्यंत लिहिलीय. बाकी सगळ्यांनी 'दुपारच्या सुमारास' असं लिहिलंय." त्यांनी कागदाची घडी घातली. "या जबाबावर एका माणसाची नोकरी जाणार, हे ठाऊक आहे ना?"

भाऊसोने मान हलवली. गेल्या तीन दिवसांत ते एकच त्याला ठाऊक होतं. जबाब शब्दन् शब्द खरा होता. तरी तो लिहिल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

जीप हातकणंगल्याच्या दिशेला लागली. वाळवेकरांनी कातडी पिशवी मांडीवर घेतली.

"सांगा. मला काहीच माहीत नाही असं समजून."

भाऊसोने सांगितलं. श्री चक्रभैरव साखर कारखान्यात हंगामात महिन्यातून एकदा, अमावास्येला, गाळप थांबवून साफसफाई करतात. यंदाच्या, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या पौष अमावास्येला दुपारी बाराला वीजघरातलं टर्बाइन बंद झालं. साडेचारला वाफ सोडली आणि वेग चढू लागला तशी जमीन हादरायला लागली. बेअरिंगवर रुपयाचं नाणं रोज कडेवर उभं राहायचं. ते उडून पायऱ्यांपर्यंत गेलं. टर्बाइन थांबवेपर्यंत बेअरिंगचा मऊ धातू उखडला होता. तेव्हापासून कारखाना बंद.

"आणि दोष त्या पिराजी नावाच्या कामगाराचा?"

"गरम रोटर, म्हणजे टर्बाइनचा फिरणारा दांडा, थांबल्यावर तसाच ठेवता येत नाही. आतली गरम हवा वर चढते. वरची बाजू जास्त तापलेली राहते, खालची आधी निवते. वरची जास्त लांब, खालची आखूड, म्हणून दांडा कमानीसारखा वर वाकतो."

"किती?"

"केसाएवढा. पण मिनिटाला सहा हजार फेरे म्हटल्यावर तो केससुद्धा हातोडा होतो. म्हणून पूर्ण निवेपर्यंत दर दहा मिनिटांनी रोटर हाताने अर्धा फिरवायचा. वरची बाजू खाली, खालची वर. ते काम पिराजीचं होतं. बारा दहा ते चार, चोवीस नोंदी त्याने केल्यात. पण फिरवलं नाही."

"कशावरून?"

"बंद झाल्यावरच्या पूजेत कपलिंगवर, म्हणजे दांड्याच्या जोडावर, वरच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलं होतं. मी तीनदा पाहिलं. सव्वा वाजता, दोन पंचवीसला आणि तीन पस्तीसला. अर्धा अर्धा फेरा झाला असता तर पहिल्या आणि तिसऱ्या वेळी कुंकू खाली असायला हवं होतं. तिन्ही वेळा वरच होतं."

"कुठून पाहिलंत?"

"वरच्या कठड्यावरून."

"खाली उतरून त्याला विचारलं नाही?"

"नाही."

रस्त्याच्या कडेला उसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि बैल सोडून माणसं सावलीला बसली होती. कठड्यापासून खाली अकरा पायऱ्या होत्या. भाऊसोने त्या गेल्या तीन दिवसांत मनातल्या मनात अनेकदा मोजल्या होत्या.

*

वीजघरात शिरताच शांतता अंगावर आली. चीफ इंजिनियर गणपतराव दारातच भेटले. उंच, घाईचा माणूस. मनगटावरचं घड्याळ ते बोलताना दोनदा बघत.

"चार वाजता एम.डी. साहेबांपुढे चौकशी आहे, वाळवेकर. तुमचा रिपोर्ट आला की मोकळे. तसं स्पष्टच आहे. अकरा वर्षं बॉयलरवर काढलेला गडी, तीन आठवड्यांपूर्वी इथं आणला. ऊब लागली, झोपला, आणि चारला उठून वही भरली."

"झोपलेला पाहिला कुणी?"

"पाहायला कशाला पाहिजे? कुरण्याचा जबाब आहे की."

"कुरण्यांचा," वाळवेकर म्हणाले. "वहीवर सही तुमची आहे. चोवीस नोंदींखाली."

"सही करावीच लागते."

"वाफ सोडल्यावर सावकाश किती वेळ चालवलंत?"

गणपतरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "वीस मिनिटं. नियमात बसतंय."

"बसतंय. पण काठावर."

टर्बाइनचं वरचं आवरण काढून बाजूला ठेवलेलं होतं. रोटर उघडा पडला होता. वाळवेकरांनी आधी भिंतीकडे पाहिलं. तिथे निळ्या पत्र्यावर पांढऱ्या सुबक अक्षरांत पाटी होती:

१. टर्बाइन बंद केल्यावर तेलपंप चालू ठेवावा.
२. दर दहा मिनिटांनी रोटर एकदा फिरवावा.
३. प्रत्येक वेळी वहीत नोंद करावी.

"अक्षर छान आहे."

"माझं आहे," भाऊसो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं. "आधी इथं कोळशाने काहीबाही खरडलेलं होतं. केरबा मिस्त्रींच्या वेळचं. ते डिसेंबरात निवृत्त झाले, गडहिंग्लजला गेले. कारखाना बघायला पाहुणे येतात. बरं दिसत नव्हतं."

"काय खरडलेलं होतं?"

"गावंढळ शब्द होते. वर चुना मारला."

वाळवेकरांनी पिशवीतून डायल गेज काढलं. घड्याळासारख्या तबकडीचं ते यंत्र शाफ्टला, म्हणजे रोटरच्या दांड्याला, टेकवून त्यांनी फिटर बाळासोला रोटर हळूहळू फिरवायला लावला. काटा जेमतेम हलला.

"आज सरळ आहे," ते म्हणाले. "बाळासो, बंदच्या वेळात कपलिंगला हात लावला होतास?"

बाळासो गोल चेहऱ्याचा, खांद्यावर चिंधी टाकलेला गडी. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आता आली का माजी पाळी? लावला की. पूजेच्या आधीच आठ बोल्ट आवळलं. आटीच्या आटी नंबरी हायती, ज्येच्या त्येच्या भोकात. मोजा. लगीन लावतानाबी एवढी खात्री करत न्हाईत लोकं."

वाळवेकरांनी खरोखरच मोजले. बोल्टावरचा आकडा आणि भोकाजवळचा आकडा आठही ठिकाणी जुळत होता.

"सुटलास."

"एवढ्यात? म्या म्हटलं दुपारपातूर उलटं टांगताय."

"तुझी चूक असती तर ती आजही दिसली असती. वजन एका बाजूला गेलं किंवा जोड वाकडा बसला, तर तो निवल्यावर आपोआप सरळ होत नाही. हा झाला. म्हणजे वाक गरमीचा होता. तेवढं गणपतरावांचं बरोबर."

भाऊसोच्या मनावरचं ओझं थोडं हललं. मग लगेच त्याला त्या हलण्याचीच लाज वाटली. पिराजी दोषी ठरल्याने आपल्याला हलकं का वाटावं?

वाळवेकर आता वाकून शाफ्ट पाहत होते. जिथे शाफ्ट आवरणातून बाहेर येतो, तिथे एक बोटभर रुंद निळसर डाग होता. घासून जळल्यासारखा. तो गोल फिरलेला नव्हता. एकाच बाजूला होता.

"कुरणे, हा डाग कुंकवाच्या कोणत्या बाजूला?"

कपलिंगवरचं कुंकू तेलात मुरून पक्कं झालं होतं. भाऊसोने पट्टी धरली. "सरळ रेषेत. कुंकवाच्याच बाजूला."

"म्हणजे कुंकवाची बाजू फुगलेली होती. तीच वर होती आणि वरच राहिली. तुमचा जबाब खरा आहे." एवढं बोलून त्यांनी कपलिंगलगतच्या ग्रीसमधून नखाने काहीतरी उचललं. पांढऱ्या कच्च्या सुताचा अर्ध्या बोटाचा धागा. "आणि हे काय?"

"पूजेचं असेल."

"पूजा कोण करतं?"

*

झुंबरबाई वीजघराची झाडलोट करायच्या. हातातला झाडू भिंतीला टेकवून त्यांनी पदर नीट केला.

"पूजा बामन करतोय वो. तयारी माजी. कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आनि दांड्याला सूत बांधून पाच येढं घालायचं. सुताची उरल्याली गुंडी तांब्यात घालून खाली ठिवायची. मशीन सुरू व्हायच्या येळंपातूर त्ये सूत तोडायचं न्हाय, आशी हितली रीत हाय."

"मग तोडलंत कधी?"

"सव्वाचारला. गनपतराव सायेब वराडाय लागलं, 'काढा, काढा' म्हनून. गाठीला लागूनच ब्लेडनं एका फटक्यात कापलं समदं."

"टाकलंत कुठे?"

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी देव कचऱ्यात टाकला होता. "टाकीन व्हय? निर्माल्य हाय त्ये. बुट्टीत घालून खुंटीला लावलंय. ऐतवारी नदीला जातोय की आमी."

"ती टोपली मला हवी. परत देतो." वाळवेकर जाता जाता थांबले. "केरबा मिस्त्री कसे होते?"

झुंबरबाई हसू लागल्या. "लई गुनाचं. पर त्वांड! अमुशाला घड्याळ घिऊन खुर्चीत बसायचं आनि दर धा मिन्टाला बोंबलायचं. 'उताणाऽऽ!' आनि मग 'पालथाऽऽ!' जसं काय लेकराला त्याल लावाय बसलंय. बाया मानसं झाडाय लागल्याली असायची, जरा तर लाज!"

बाळासो खो खो हसला. भाऊसोही कसंनुसं हसला. ते दोन शब्द भिंतीवर कोळशाने चांगले वीतभर लिहिलेले होते. त्यावर चुन्याचे दोन हात त्याने स्वतः उभं राहून मारून घेतले होते.

वाळवेकर हसले नाहीत.

*

पिराजी बाहेर राखेच्या ढिगापाशी बसला होता. पंचेचाळीशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. भाऊसोला पाहताच तो उठून उभा राहिला. सवयीने. तेच भाऊसोला सोसवलं नाही.

"हात दाखव," वाळवेकर म्हणाले.

दोन्ही तळव्यांवर फोड फुटून वाळलेले होते.

"बॉयलरचं हात हायती, सायेब. फावड्यानं फोड येत न्हाईत आता. ह्ये टॉमीनं आल्यात." रोटर फिरवायच्या लोखंडी पहारीला सगळे टॉमीच म्हणत.

"रोटर फिरवलास?"

"चोवीस डाव."

"दर वेळी झालं हे कसं कळायचं?"

"कुंकू हाय की."

भाऊसोला वाटलं, घोटाळला हा. कुंकू तर जागचं हललंच नव्हतं. पण पिराजी त्याच्याचकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता.

"भाऊसो खोटं बोलायचं न्हाईत, सायेब. त्येनी बगितलं आसंल त्ये खरंच आसनार. पर म्याबी फिरवलंय. आता ह्ये दोन्ही खरं कसं, त्ये मला सांगाय येत न्हाई. म्हनून म्या गप हाय."

"तुला कुणी काय काय विचारलं?"

"येकच. फिरवलंस का न्हाईस."

वाळवेकरांनी मान डोलावली, जणू हवं होतं ते मिळालं होतं.

परत येताना भाऊसोला जानेवारीतला पहिला दिवस आठवला. पिराजी बॉयलरवरून नुकताच आला होता. त्याने पाटीसमोर उभं राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं होतं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेला, त्याचा केवढा अभिमान. "रो-ट-र ए-क-दा फि-र-वा-वा. बराबर हाय न्हवं, भाऊसो?" हातात दुसरे कागद असलेला भाऊसो म्हणाला होता, "बरोबर."

*

जेवणाच्या सुट्टीत वाळवेकरांनी गेस्टहाऊसच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बुट्टी उपडी केली. सुकलेली झेंडूची फुलं, नारळाची शेंडी, आणि कच्च्या सुताचा गुंता.

"तुमचं काम आहे, कुरणे. मोजायचं."

भाऊसोने गुंता सोडवला. लांब शेपटीसारखा एक तुकडा गुंडीकडे जाणारा होता, तो त्याने बाजूला ठेवला. बाकीचे एकाखाली एक लावले. एखाद्या दोऱ्याचा फरक सोडला तर सगळे सारखे. पट्टी लावली.

"साडेबारा इंच. शाफ्टचा व्यास चार इंच, म्हणजे परीघ साडेबारा. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पूर्ण वेढा."

"किती आहेत?"

त्याने मोजले. पुन्हा मोजले. शाळेत गणिताला त्याला कधी दुसऱ्यांदा मोजावं लागलं नव्हतं.

"एकोणतीस."

"पूजेचे?"

"पाच." त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली. एकोणतिसातून पाच गेले. सूत गाठीने शाफ्टला बांधलेलं, गुंडी तांब्यात. शाफ्ट फिरला की सूत आपोआप गुंडाळलं जाणार. झोपलेल्या माणसाने सूत गुंडाळलं नसतं. आणि अर्ध्या फेऱ्यांनी चोवीस वेढे झाले नसते. बारा झाले असते.

त्याने पट्टी टेबलावर ठेवून मान वर केली.

खिडकीतून वीजघराची भिंत दिसत होती. पाटी इथून दिसत नव्हती. पण ती त्याला वाचता येत होती.

"साहेब..."

"आत्ता नाही," वाळवेकर सुताचे तुकडे एका लिफाफ्यात भरत म्हणाले. "मी कारण शोधतो, कुरणे. तेवढाच माझा धंदा. चार वाजता मी जे सापडलं ते सांगणार. जे शोधून सापडत नाही, ते ज्याचं त्याने सांगायचं असतं."

*

चारला एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. साहेब खुर्चीत, गणपतराव बाजूला. बाळासो आणि झुंबरबाई भिंतीपाशी. पिराजी दाराजवळ टोपी हातात धरून उभा. भाऊसो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता आणि त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"थोडक्यात सांगा," एम.डी. साहेब म्हणाले. "हा झोपला होता की नाही?"

"नाही," वाळवेकर म्हणाले.

गणपतरावांनी घड्याळावरून डोळे उचलले.

"क्रमाने सांगतो. आज रोटर सरळ आहे. जोड, बोल्ट ठीक. म्हणजे हादरा कायमच्या दोषाचा नव्हता, गरमीच्या वाकाचा होता. शाफ्टवर घासल्याचा डाग एकाच बाजूला आहे, कुंकवाच्या बाजूला. म्हणजे चार तास तीच बाजू वर राहिली. कुरण्यांनी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा कुंकू वर. इथवर सगळं पिराजीच्या विरुद्ध जातं."

"मग?"

वाळवेकरांनी लिफाफा टेबलावर रिकामा केला. "झुंबरबाईंनी हे निर्माल्य म्हणून जपलं नसतं तर पिराजी आज घरी गेला असता. एकोणतीस तुकडे, प्रत्येक शाफ्टच्या घेराएवढा. पाच पूजेचे. उरलेले चोवीस शाफ्टने स्वतः गुंडाळून घेतलेत. वहीत नोंदी किती, गणपतराव?"

"चोवीस," गणपतराव हळूच म्हणाले.

"शाफ्ट खोटी वही भरत नाही. पिराजी, दर वेळी किती फिरवलास?"

"येक डाव. पुरा." पिराजी गोंधळून बघत होता. "कुंकू वर आलं की थांबायचं. देवाचं कुंकू खाली त्वांड करून कसं ठिवायचं? आनि काम अर्धं कशाला ठिवू? पुरा येक फेरा."

मग गणपतराव पुटपुटले, "पूर्ण फेरा... म्हणजे तीच बाजू परत वर!"

"दर वेळी. चोवीस वेळा इमानाने फिरवला आणि चोवीस वेळा होता तिथेच आणून ठेवला. दहा मिनिटांतलं एखादं मिनिट सोडलं तर तो रोटर हललाच नव्हता. अर्ध्या मेहनतीत वाचला असता, दुप्पट मेहनतीने वाकला. कुरण्यांचा जबाब खरा आणि पिराजीचाही खरा. अर्धा की पूर्ण, हे त्याला कुणी विचारलंच नाही."

"पण मग आधी कधी असं झालं नाही ते?" साहेबांनी विचारलं.

"आधी केरबा मिस्त्री होते. ते ओरडायचे, 'उताणा', मग 'पालथा'. त्यात चूक करायला जागाच नाही. पालथा म्हटल्यावर कुणी पूर्ण लोळण घेत नाही. तेच शब्द भिंतीवरही होते. डिसेंबरात ते पुसले गेले, आणि त्या जागी पाटी आली. 'रोटर एकदा फिरवावा.' पिराजीने पाटीबरहुकूम काम केलं."

"पाटी कुणी लावली?"

वाळवेकर पिशवीचा पट्टा आवळत होते. "पाटीवर नाव नाही, साहेब."

गणपतरावांनी पुन्हा घड्याळात पाहिलं. पाटीच्या मजकुरावर त्यांचीही सही होती, न वाचता केलेली. पंखा फिरत होता. भाऊसोला दिसलं, की आपण गप्प बसलो तरी हे इथेच मिटतं. पिराजी सुटला. ऑफिसच्या नावावर एक चूक जाईल. कुणालाही काही होणार नाही.

तो उभा राहिला. स्टूल मागे सरकून भिंतीवर आपटलं.

"मी लिहिली. पुस्तकात एकशे ऐंशी अंश लिहिलेलं होतं. मला 'अर्धा' लिहायचं सुचलं नाही. मला अर्थ माहीत होता म्हणून वाटलं, सगळ्यांनाच माहीत असणार. ते जुने शब्द मला गावंढळ वाटले. मीच पुसले." त्याने दाराकडे पाहिलं. "पिराजीनं मला वाचून दाखवलं होतं. 'बराबर हाय न्हवं' म्हणून विचारलं होतं. मी बघितलंसुद्धा नाही. आणि मग मीच त्याच्याविरुद्ध लिहून दिलं."

साहेबांनी समोरचं सूत लिफाफ्यात परत भरलं. "पिराजी उद्यापासून कामावर. कुरणे, तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. गणपतराव, तुम्हालाही."

*

बाहेर पायरीवर पिराजी टोपी घालत होता. भाऊसो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माफ कर," एवढंच तो म्हणाला.

पिराजीने मान हलवली. "माफीचं न्हवं वो. तुमी वर कठड्यावर हुता, मला दिसला हुता. तीनीबी येळंला. मला वाटलं, साळा शिकल्यालं मानूस बगतंय, काय चुकत आसंल तर सांगंल की." त्याने टोपी नीट केली. "म्हनून तुमी गेल्यावर पुढच्या डावाला आनखी जोर लावून फिरवायचो."

तो निघून गेला. भाऊसो तिथेच उभा राहिला.

वाळवेकर जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "निरीक्षण चांगलं करता, कुरणे. पुढच्या वेळी जवळून करा."

*

माघ अमावास्येला दुपारी बाराला टर्बाइन थांबलं. पूजा झाली. भिंतीवर निळी पाटी नव्हती. चुन्यावर पुन्हा कोळशाने दोन शब्द लिहिलेले होते, वीतभर, सुबक अक्षरात.

झुंबरबाईंनी कपलिंगवर कुंकू लावलं. मग शाफ्टच्या बरोबर विरुद्ध बाजूला बोट नेऊन हळद लावली. "आता कुनीबी वर आसूंदे," त्या म्हणाल्या, "देवाला राग न्हाई."

पिराजीने टॉमी हातात घेतली आणि वर पाहिलं. कठड्यावर कुणी नव्हतं.

भाऊसो अकरा पायऱ्या उतरून खाली आला होता. केरबा मिस्त्रींची खुर्ची त्याने शाफ्टजवळ ओढली आणि घड्याळ मांडीवर ठेवलं. दाराशी बाळासो आणि चार-पाच गडी गंमत बघायला जमले होते. बारा दहा झाले. भाऊसोचे कान लाल झाले. त्याने घसा साफ केला.

"पालथाऽऽ!"

कुणीतरी फिसकन हसलं. पिराजी हसला नाही. त्याने टॉमीवर जोर दिला, कुंकू हळूहळू खाली गेलं, आणि हळद वर आली.